मतदानाचा रकाना कोरा का? सातारा-सांगलीच्या संपादकांना आणि वार्ताहरांना खुले पत्र

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील संपादक महोदय, तालुका वार्ताहर आणि यूट्यूब वाहिन्या चालवणारे पत्रकार मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

निवडणूक जवळ आली की आजी-माजी खासदारांचा लेखाजोखा तुम्ही अर्धं पान भरून छापता. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, निधी इतका खर्च, बाजूला हार घातलेला फोटो आणि वर मथळा 'संसदेतील कामगिरी'. त्यात एक रकाना हमखास नसतो : कोणत्या विधेयकावर, कोणत्या ठरावावर त्यांनी काय मत दिलं. कायदा करायला पाठवलेल्या माणसाचं मतच वगळलेला लेखाजोखा म्हणजे नवरदेव गाळून छापलेला लग्नाचा फोटो.

हा रकाना भरणं वाटतं तितकं सोपं नाही, हेही मान्य. नोंदी आहेत, सगळ्यांना खुल्या आहेत, पण त्या वाचताना पाय घसरायच्या जागा बऱ्याच आहेत. म्हणून हे पत्र जरा तपशिलात जाऊन लिहितो आहोत.

लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष प्रस्ताव सभागृहापुढे ठेवतात, होयवाले 'होय' म्हणतात, नाहीवाले 'नाही' म्हणतात, आणि कुणाचा आवाज जास्त ते अध्यक्ष सांगतात. नाव कुणाचंच लागत नाही. शेतमाल व्यापार आणि कंत्राटी शेतीची दोन विधेयकं आठवा. लोकसभेत ती १७ सप्टेंबर २०२० ला आवाजी मतदानानं मंजूर झाली, राज्यसभेत २० सप्टेंबरला गदारोळात, तीही आवाजीच. मतविभागणी, म्हणजे सदस्यांची मतं प्रत्यक्ष मोजणं, मागितली गेली होती, ती झाली नाही. पुढं २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागं घेतले तेव्हाही चर्चा नाही आणि आवाजी मतदानच. त्या वेळी साताऱ्याचे श्रीनिवास पाटील आणि सांगलीचे संजयकाका पाटील लोकसभेत होते, उदयनराजे भोसले राज्यसभेत होते. या तिघांपैकी कुणाही समर्थकानं 'आमच्या साहेबांनी शेतकऱ्याच्या बाजूनं मत दिलं' असं सांगितलं, तर ते सिद्ध करता येत नाही आणि विरोधकाला खोडताही येत नाही. तासगाव असो की कोरेगाव, गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यांत ज्या कायद्यांची सर्वांत जास्त चर्चा झाली, त्यांवर आपल्या एकाही खासदाराचं मत कागदावर नाही. ही बातमी आहे, आणि ती आम्हाला कुठंही ठळकपणे छापलेली दिसली नाही.

नाव कागदावर येतं ते मतविभागणी झाली तरच. आवाजी निकालाला एखाद्या सदस्यानं हरकत घेतली की अध्यक्ष लॉबी मोकळी करायला सांगतात, घंटा वाजू लागते आणि साडेतीन मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. पुन्हा हरकत आली तर मतं मोजायची. मात्र मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात, आणि त्यातही नावं नोंदली जात नाहीत. एखादा माजी खासदार 'मी विरोध केला होता' म्हणाला, तर तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असावा : मतविभागणी मागितली होती का? मागणी केली असेल तर ती त्या दिवशीच्या शब्दशः कार्यवाहीत दिसते. मान्य झाली नाही तरी दिसते. दुरुस्ती सुचवली असेल, तर तीही क्रमांकासह तिथं असते. खऱ्या विरोधाच्या खुणा या अशा असतात.

मतविभागणीत बाकावरच्या यंत्रावर दोन हातांचं काम असतं. एका हातानं मतदानाची कळ दाबून धरायची, दुसऱ्या हातानं होकाराचं हिरवं, नकाराचं लाल किंवा तटस्थतेचं पिवळं बटण. घंटेच्या पहिल्या ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत, म्हणजे साधारण दहा सेकंद, दोन्ही दाबलेलीच राहिली पाहिजेत. एक बोट आधी सुटलं की मत लागलं नाही. कुणाचं बटण लागत नाही, कुणी चुकीचं दाबतो, कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसलेला असतो. ते मग चिठ्ठीवर मत लिहून देतात. म्हणूनच यंत्राच्या फलकावरचा आकडा वाचताना अध्यक्ष 'दुरुस्तीच्या अधीन' असं म्हणतात, आणि तुम्ही नेमका तोच आकडा उचलता. 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडण्यावर १७ डिसेंबर २०२४ ला मतविभागणी झाली. फलकावर २२० विरुद्ध १४९ दिसले. चिठ्ठ्या मोजल्यावर २६९ विरुद्ध १९८ झाले. दोन्ही बाजू धरून ९८ मतांचा फरक! फलकाच्या चित्रावरून 'अमुक खासदार मतदानाला गैरहजर' अशी ओळ सोडली असती, तर ९८ जणांवर अन्याय होण्याची सोय होती. महिला आरक्षणाच्या वेळी, २० सप्टेंबर २०२३ ला, तर नव्या इमारतीत यंत्र वापरलंच नव्हतं. सगळं मतदान चिठ्ठ्यांवर झालं : ४५४ विरुद्ध २.

नावं हमखास कुठं सापडतात? घटनादुरुस्तीत. अनुच्छेद ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशा दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्यासाठी मोजणी करावीच लागते. आपल्याकडच्या माजी खासदारांची पानं लिहायला बसलात तर सुरुवात इथून करा. आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्के आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ८ जानेवारी २०१९ ला ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झालं. मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ ला रद्द केला, त्यानंतर मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत देणारं १२७ वं घटनादुरुस्ती विधेयक आलं. १० ऑगस्ट २०२१ ला लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १८७ विरुद्ध शून्य. इथं एक सापळा आहे. शून्य विरोध म्हणजे सगळ्यांचा पाठिंबा नव्हे. लोकसभेच्या जागा ५४३, होकार ३८५. उरलेल्या दीडशेवर जागांपैकी काही रिकाम्या असतील, पण बाकीचे त्या वेळी सभागृहात नव्हते किंवा त्यांचं मत लागलं नाही. 'एकमतानं मंजूर' या मथळ्याखाली आपल्या खासदाराचं नाव गृहीत धरू नका. मराठा आरक्षणावर साताऱ्यात जितकी भाषणं झाली, त्याच्या मानानं ही यादी उघडून पाहणारे फारच थोडे निघतील.

विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावांचं गणित आणखी गमतीचं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. तेव्हा साताऱ्याचे खासदार अभयसिंह भोसले, कराडचे पृथ्वीराज चव्हाण, सांगलीचे मदन पाटील. एकेक मत मोलाचं होतं तो हा दिवस, आणि यादी उपलब्ध आहे. २२ जुलै २००८ ला मनमोहन सिंग सरकार २७५ विरुद्ध २५६ नं तरलं, तेव्हा साताऱ्याचे लक्ष्मणराव पाटील, कराडचे श्रीनिवास पाटील, सांगलीचे प्रतीक पाटील. २० जुलै २०१८ चा अविश्वास ठराव मतविभागणीत फेटाळला गेला, त्याचीही यादी मिळते. पण १० ऑगस्ट २०२३ चा अविश्वास ठराव? विरोधक सभात्याग करून गेल्यावर आवाजी मतदानानं फेटाळला. तीन दिवस चर्चा, आणि मतांची नोंद शून्य.

आपल्या जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या खासदाराची गोष्टही अशीच आहे. यशवंतराव चव्हाण १९६७ पासून १९८४ पर्यंत साताऱ्याचे खासदार. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते म्हणून त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वास ठराव आणला. त्यानं सरकार गेलं, हे सगळे लिहितात. त्या ठरावावर मतदान झालंच नाही, हे कुणी लिहीत नाही. १५ जुलैला मोरारजींनी त्याआधीच राजीनामा दिला. पुढं चव्हाण चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले, ते सरकारही लोकसभेला सामोरं न जाता २० ऑगस्टला पायउतार झालं. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतल्या सर्वांत वादग्रस्त सहा आठवड्यांत त्या दोन्ही सरकारांच्या बाजूनं वा विरुद्ध त्यांचं एकही नोंदलेलं मत नाही. तिथं मतयादी काही सांगत नाही. भाषणं आणि पत्रव्यवहारच वाचावा लागतो.

जुन्या आणि नव्या खासदारांची मतं एकाच फूटपट्टीनं मोजू नका, याचं कारण पक्षांतरबंदी. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली. तेव्हापासून व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं, किंवा तटस्थ राहिलं, आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. १९८५ नंतरचं बहुतेक मत हे आधी पक्षाचं, मग खासदाराचं. 'अमुकांनी अमुक कायद्याला पाठिंबा दिला' असं लिहिताना 'पक्षाचा व्हिप होता' हे अर्धं वाक्य जोडलंत तर वाचकाला खरं चित्र कळतं. अपक्षाला व्हिप नसतो. सांगलीनं २०२४ मध्ये विशाल पाटील यांना अपक्ष निवडून दिलं, ते उद्या माजी होतील तेव्हा त्यांच्या यादीतलं प्रत्येक मत जास्त बारकाईनं वाचावं लागेल. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असतं. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचं मूल्य ७०० होतं. 'आमच्या साहेबांनी अमुक उमेदवाराला मत दिलं' ही बातमी म्हणजे साहेबांचा शब्द, त्याहून अधिक काही नाही.

तटस्थ, गैरहजर आणि सभात्याग यांची तुम्ही सरमिसळ करता. पिवळं बटण दाबलं तर तटस्थ म्हणून नाव लागतं. सभात्याग केला तर मतयादीत नाव नसतं. कार्यवाहीत कंसात फक्त 'अमुक आणि इतर काही सदस्य बाहेर गेले' एवढी ओळ येते, तीही नेत्याच्या नावानं. सभात्याग करणारा आणि त्या दिवशी विट्याला उद्घाटनाची फीत कापणारा, मतयादीत दोघेही सारखेच अदृश्य. फरक शोधायचा असेल तर त्या दिवशीची हजेरी आणि त्या पक्षाच्या इतरांचं वर्तन, दोन्ही ताडून बघावं लागतं.

आता नावं. इंग्रजी यादी आडनावानुसार असते आणि आपल्याकडं आडनावांचा सुकाळ नाही. १७ व्या लोकसभेत साताऱ्याचे श्रीनिवास, सांगलीचे संजयकाका, हिंगोलीचे हेमंत, जळगावचे उन्मेष, भिवंडीचे कपिल आणि नवसारीचे सी. आर. असे किमान सहा पाटील होते. नुसता 'पाटील' शोधून पहिलं सापडलेलं नाव उचललं की घोळ झालाच. पूर्ण नाव आणि मतदारसंघ जुळवा. उदयनराजेंचं आडनाव इंग्रजी यादीत 'भोन्सले' अशा स्पेलिंगनं लिहिलेलं असतं, आपल्या नेहमीच्या स्पेलिंगनं शोधलं तर सापडणार नाही.

हजेरीच्या टक्क्यांवर तुमचा फार जीव. त्याबद्दल थोडंच. मंत्री आणि विरोधी पक्षनेते हजेरीपटावर सही करत नाहीत, मंत्री प्रश्नही विचारत नाहीत. २००९ ते २०१४ मध्ये माढ्याचे खासदार शरद पवार कृषिमंत्री होते, सांगलीचे प्रतीक पाटील राज्यमंत्री होते. मंत्री असतानाचा त्यांचा 'शून्य प्रश्न' हा आळस नव्हे. दुसरं, भाजक तपासा. १७ व्या लोकसभेच्या एकूण बैठका २७४. पहिल्या अधिवेशनाच्या ३७ बैठका झाल्या, मग सप्टेंबर २०१९ मध्ये उदयनराजेंनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील आले. म्हणजे त्या लोकसभेत एकाचा भाजक ३७, दुसऱ्याचा फार तर २३७. दोघांची टक्केवारी शेजारी-शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे. शिवाय २०२० चं हिवाळी अधिवेशन झालंच नाही, आणि त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. आणि हजेरीची सही म्हणजे मतदानाला हजर होता याचा पुरावा नव्हे.

प्रश्नांचा आकडाही असाच फसवा. दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, तेही सोडतीनं. तोंडी उत्तर फक्त तारांकितांना, आणि त्यातलेही तासाभरात मोजकेच होतात. अतारांकित प्रश्न कार्यालयातला हुशार मदतनीसही भरभरून पाठवू शकतो. आकडा छापण्याऐवजी प्रश्न वाचा : जतच्या पाण्यावर किती, द्राक्षनिर्यातीवर किती, आणि उत्तर आल्यावर पाठपुराव्याचा दुसरा प्रश्न आला का.

खासगी विधेयकांबाबत, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेल्या विधेयकांबाबत, एकच. ती शुक्रवारी दुपारी शेवटच्या अडीच तासांत येतात, आणि १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही. हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभावाची दोन विधेयकं मांडली. १६ वी लोकसभा विसर्जित झाली तशी ती व्यपगत झाली, म्हणजे आपोआप बाद झाली. 'विधेयक आणलं' हे खरं, 'कायदा केला' हे खोटं. इस्लामपूर आणि शिराळ्याच्या वाचकांसाठी हे महत्त्वाचं, कारण ते मतदानाला हातकणंगल्यात जातात. फलटण आणि माणचे वाचक माढ्यात. साताऱ्याच्या आवृत्तीत फक्त साताऱ्याच्या माजी खासदाराचं पान छापलंत, तर दोन विधानसभा मतदारसंघांच्या वाचकांना भलत्याच माणसाचा हिशेब वाचायला मिळतो. कराड मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत संपला. त्यामुळं श्रीनिवास पाटलांची १३ वी आणि १४ वी लोकसभा 'कराड' खाली शोधावी लागते आणि १७ वी 'सातारा' खाली. ज्या संकेतस्थळावरून तुम्ही तयार तक्ते घेता, त्यांची आकडेवारी साधारण २००९ च्या पुढची. जुन्या दोन लोकसभा त्यात नाहीत म्हणून 'कामगिरी नाही' असं होत नाही.

आणि ज्यावर संसद मत देतच नाही, त्याचं श्रेय तरी वाटू नका. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवतं. संसदेत त्यावर मतदान होत नाही. बेदाण्यावर, हळदीवर जीएसटी किती, हे जीएसटी परिषद ठरवते, तिथं केंद्रीय अर्थमंत्री आणि राज्यांचे मंत्री बसतात, आपले खासदार नव्हे. 'एफआरपी वाढीसाठी संसदेत मत दिलं' असं पत्रक आलं तर ते टोपलीतच टाका. खासदारानं पत्र लिहिलं, शिष्टमंडळ नेलं, प्रश्न विचारला, हे वेगळं, आणि ते तसंच लिहा.

खासदार निधीचा हिशेब तर जवळपास प्रत्येक वेळी चुकतो. योजना १९९३ ची. वर्षाला पाच कोटी हे २०११-१२ पासून. म्हणून तुम्ही पाच वर्षांचे पंचवीस कोटी धरता. पण करोनात निधी थांबला : २०२०-२१ चं वर्ष पूर्ण गेलं आणि २०२१-२२ ला दोनच कोटी मिळाले. १७ व्या लोकसभेच्या खासदाराचा हक्क सतरा कोटींचा. पंचवीसला भागून 'निधी पडून' असा मथळा दिला तर गणितच चुकलं. पैसा खासदाराच्या हातात येत नाही. तो कामं सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. आधीच्या खासदाराचा न खर्चलेला निधी पुढच्याकडे जातो, म्हणून एखाद्याचा खर्च शंभर टक्क्यांच्या वरही दिसू शकतो. दर वर्षीच्या निधीतले किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचे असतात. हा भाग पाळला का, ते पाहणारी बातमी आम्हाला जास्त आवडेल. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्याचं श्रेय या निधीच्या रकान्यात घालणारी पत्रकंही फिरतात. या निधीच्या आवाक्यातलं ते काम नव्हे.

शोधायचं कसं, ते सांगतो. विषयावरून सुरुवात करू नका, तारखेवरून करा. विधेयक कोणत्या दिवशी मंजूर झालं ते आधी पक्कं करा. मग त्या तारखेचं लोकसभेचं बुलेटिन, भाग १ उघडा. त्यात दिवसाच्या कामकाजाचा गोषवारा असतो. मतविभागणी झाली असेल तर त्या तारखेच्या शब्दशः चर्चेत जा, तिथं होकार आणि नकारांची नावं सलग छापलेली असतात. यादी संपल्यावरची टीप सोडू नका : चिठ्ठीनं मत दिलेल्यांची आणि दुरुस्त केलेल्यांची नावं तिथं असतात. एकाच विधेयकावर दुरुस्त्या, कलमं आणि शेवटचा मंजुरीचा प्रस्ताव अशा अनेक मतविभागण्या असू शकतात. एका दुरुस्तीवरचा नकार हा विधेयकाला नकार नव्हे. अलीकडचं सगळं संसदेच्या संकेतस्थळावर मिळतं, जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात स्कॅन केलेल्या आहेत. स्कॅनमध्ये नावाचा शोध दगा देतो, पानं हातानं चाळावी लागतात. राज्यसभेच्या काळासाठी हेच सगळं राज्यसभेच्या नोंदीत.

आमची मागणी एवढीच. पुढच्या लेखाजोख्यात प्रत्येक माजी खासदारापुढं एक तक्ता द्या : विषय, तारीख, मतविभागणी झाली की आवाजी, खासदाराची नोंद, पक्षाचा व्हिप होता का. दहा-बारा विषय पुरेत, ते सर्व पक्षांच्या खासदारांना एकच ठेवा, आणि छापण्याआधी संबंधित माजी खासदाराला दाखवून त्याचं म्हणणं शेजारी द्या. जिथं आवाजी मतदान झालं तिथं 'पाठिंबा' किंवा 'विरोध' लिहू नका, 'नोंद नाही' असंच छापा.

आपले,
संसदेच्या कामकाजाच्या नोंदी नियमित वाचणारे सातारा आणि सांगलीचे काही वाचक